उन्हाळी संगीत महोत्सवात हंगामी कामासाठी अर्ज कधी आणि कसा करावा?

उन्हाळा तोंडावर येईपर्यंत थांबू नका. मोठ्या महोत्सवांची भरती बहुधा काही महिने आधीच सुरू होते. मंच आणि ध्वनिव्यवस्थेच्या जागा लवकर भरतात. प्रवेशद्वार, तिकीट खिडकी, पार्किंग इथे मात्र शेवटपर्यंत माणसं लागतात.

'मला संगीताची आवड आहे' हे प्रत्येक अर्जात असतं. तुम्ही प्रत्यक्ष केलेलं काम लिहा. उदाहरणार्थ, मंचाच्या कामात दोन कार्यक्रमांच्या मधल्या थोड्याशा वेळात खुर्च्या, स्टँड, माइक, वायरी असं सगळं आराखड्याप्रमाणे बदलायचं असतं, तेही प्रेक्षक समोर बसलेले असताना. कॉलेजच्या कार्यक्रमात असं काही केलं असेल, तर ते एक वाक्य पानभर कौतुकापेक्षा जास्त उपयोगी पडतं. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मोकळे आहात, तेही स्पष्ट लिहा. मधेच सोडून जाणारा माणूस कुणालाच नको असतो.

जागा पगारी आहे की स्वयंसेवकाची, राहण्याची सोय आहे का, रात्री परतायचं कसं, हे होकार देण्याआधी विचारा. काम स्पीकरजवळ असेल तर इअरप्लग मिळणार का, हेही नक्की विचारा. 85 डेसिबल आवाज कानांना दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो, 100 डेसिबलला हीच मर्यादा जेमतेम 15 मिनिटांची आहे.