आधी गवंडी शोधा, मग नकाशा काढा

प्रश्न : ताई, मखमलाबादकडे आमची द्राक्षबाग आहे. वडील विहिरीकाठच्या एका दगडावर बसून दुपारची भाकरी खायचे. त्या जागी त्यांच्या आठवणीसाठी पंधरा फूट रुंदीचा उघडा मंडप बांधायचाय, शिल्पासारखा दिसेल असा. ठेकेदार म्हणतो, आरसीसीत हवा तो आकार काढू आणि वरून दगडी टाइल चिकटवू. मन मानत नाही. आपल्या दगड-विटांत, इथल्याच कारागिरांकडून हे होईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : होईल, दादा. मन मानत नाही ते योग्यच आहे. टाइल चिकटवलेल्या आकारात दगड काहीच पेलत नाही, नुसता लटकलेला असतो.

आकार चित्रातून उचलू नका, साखळीवर शोधा. भिंतीवर पंधरा इंचांवर दोन खिळे ठोका, म्हणजे इंचाला फूट. बारीक साखळी त्यांना टांगून सैल सोडा, फोटो काढा आणि मोबाइल उलटा धरा. ती तुमची कमान. टांगलेल्या साखळीत निव्वळ ताण असतो, उलटी केली की निव्वळ दाब. वीट दाब सोसते, ताण सोसत नाही. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने हे 1675 मध्येच मांडलं होतं. साखळी मधोमध सात-आठ इंच तरी खाली येऊ द्या. कमान बसकी केली की पायाला बाहेर ढकलणारा रेटा वाढतो. उंची निम्मी केलीत तर जवळजवळ दुप्पट. मग दोन-तीन साखळ्या एकमेकींत अडकवून बघा. शिल्पासारखी वळणं तिथेच सापडतात.

दक्षिण आफ्रिकेत मापुंगुब्वेला वास्तुविशारद पीटर रिच यांनी असेच पातळ घुमट उभे केले. तिथल्याच मातीत थोडं सिमेंट मिसळून, गावच्या माणसांनी हातांनी दाबलेल्या टाइल्सचे. 2009 मध्ये त्या इमारतीला जगातल्या सर्वोत्तम इमारतीचा मान मिळाला.

आपला काळा पाषाण मात्र छताला नको. तो जड, घडवायला चिवट, मजुरी परवडणार नाही. तो जोत्याला, पायऱ्यांना, बैठकीला वापरा. कमान विटेची करा. वीट दोन प्रकारे पारखा. बोटाने वाजवली की खणखणली पाहिजे, आणि चोवीस तास पाण्यात ठेवून वजन एक पंचमांशाहून जास्त वाढता कामा नये. म्हणजे तीन किलोची वीट सहाशे ग्रॅमपेक्षा जास्त पाणी प्यायली, तर ती भट्टी सोडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नकाशा काढायच्या आधी गवंडी ठरवा. कमान जमणारा म्हातारा गवंडी अजून सापडतो, त्याला घेऊन एक दिवस काळारामाला जा. समोरचा सभामंडप बघा, 40 खांबांवर उभा, चारही बाजूंनी उघडा. तुम्हाला हवा तसा मंडप नाशकात आधीपासून आहे. दुपारनंतर सिन्नरला गोंदेश्वराला जा आणि मंडपात बसून वर बघा. दगडाचा एकेक थर आत सरकत छत कसं मिटत गेलंय, ते त्याच्या डोळ्यांनी बघा. माझ्याबरोबर आलेल्या एका गवंड्याने तिथे सांध्यावरून अंगठा फिरवला, बराच वेळ काही बोलला नाही, आणि परत येताना गाडीत स्वतःहून म्हणाला, ‘आपण सांधा जाड धरतो, तिथंच चुकतं.’ पुढचं सगळं काम त्याने त्या एका वाक्यावर केलं. मग बागेत चार फुटांचा नमुना उभा करा आणि त्याच्या हाताला कोणतं वळण सहज येतं ते पाहून आकार पक्का करा. रेट्याचा आणि पायाचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहूनच घ्या.

पाया काळ्या मातीत थांबवू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. माझ्या सुरुवातीच्या एका मंडपात मी दोन फुटांवर खोदाई थांबवू दिली, आणि दुसऱ्या वैशाखात कमानीच्या माथ्यावर बोट जाईल एवढी भेग पडली. मालकांनी ती अजून जपून ठेवलीय, मला मात्र तिकडे बघवत नाही. पक्का मुरूम लागेपर्यंत उतरा.

चुन्यात बांधणार असाल तर दिवाळीनंतर लगेच सुरू करा. चुना हवा घेत हळूहळू कडक होतो, त्याला पावसाआधी महिने मिळायला हवेत. चैत्राच्या आत कमान मिटली पाहिजे.

आणि वडील बसायचे तो दगड हलवू नका, घडवूही नका. जोत्याची फरशी त्याच्या कडेपर्यंत आणा आणि तिथे थांबवा.