जूनटीन्थ ‘साजरा’ करायचा की ‘पाळायचा’?

अमेरिकेतल्या एका कॅथलिक पॅरिशच्या (म्हणजे एका चर्चच्या कक्षेतल्या भाविकसमाजाच्या) कार्यक्रमाची मराठी बातमी लिहिताना ‘जूनटीन्थ साजरा केला’ म्हणावं की ‘पाळला’, असा प्रश्न आला आहे. जूनटीन्थ म्हणजे १९ जून, अमेरिकेतल्या गुलामीमुक्तीचा दिवस.

जयंती साजरी होते; दुखवटा, सुतक, हरताळ पाळतात. ख्रिस्ती सणावारांतही हा भेद आहेच. ईस्टर साजरा होतो, गुड फ्रायडे पाळला जातो. (‘गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा’चे फलक लावणाऱ्यांच्या कानावर कुणीतरी हे घाला.)

गुलामीमुक्तीचा लिंकनचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ पासून लागू झाला, पण टेक्ससमध्ये गॅल्व्हेस्टनला जनरल ग्रेंजरचा गुलाम मुक्त झाल्याचा हुकूम निघाला १९ जून १८६५ रोजी. त्या मुक्त झालेल्यांच्या वंशजांसाठी ‘साजरा’च, त्यात शंका नको.

अडतं ते कर्ता चर्च असताना. १८३८ मध्ये मेरीलँडच्या जेझुइटांनी (हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) २७२ गुलाम लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकायचा करार केला. त्या पैशातून त्यांच्याच जॉर्जटाउन कॉलेजचं कर्जही फेडलं. कुटुंबं तोडायची नाहीत, त्यांना धर्माचरण करता आलं पाहिजे, पैसा कर्जफेडीत घालायचा नाही, या रोमच्या, म्हणजे तिथल्या वरिष्ठांच्या, अटी होत्या. त्या कागदावरच राहिल्या. आणि मला जास्त खटकतं ते हे, की रोमने विक्रीला मुळात ‘नाही’ म्हटलंच नाही. पुढच्याच वर्षी पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला!

असा इतिहास असलेल्यांनी नुसतं ‘साजरा केला’ म्हणणं बरं दिसत नाही, आणि ‘पाळला’ही तोकडा पडतो. कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे प्रायश्चित्त संस्कारात पश्चात्ताप हवा, पापाची कबुली हवी आणि परिहारही, म्हणजे केलेल्या नुकसानीची भरपाईही हवी. चोरीचा माल परत न करता नुसतं ‘चुकलो’ म्हणून भागत नाही. २०१७ मध्ये जॉर्जटाउनला त्या विकलेल्या गुलामांच्या वंशजांसमोर जेझुइटांनी माफी मागितली, ती मिस्सेतल्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेतल्या) पापकबुलीच्याच शब्दांत; फक्त ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ आलं. परिहाराचा विषय त्यानंतरचा: २०२१ मध्ये वंशजांबरोबरच्या प्रतिष्ठानासाठी १० कोटी डॉलर उभारायचं त्यांनी कबूल केलं.

तेव्हा तुमच्या बातमीत एकाच क्रियापदावर सगळा भार टाकू नका. ‘वंशजांनी जूनटीन्थ साजरा केला, पॅरिशने त्यांच्यासोबत क्षमायाचनेची प्रार्थना केली’ असं लिहा. पॅरिशने परिहारासाठी काही केलं असेल, तर तेही नेमकं काय ते लिहा.