ड्रोनला सेन्सर आहेत म्हणजे माडांच्या वाडीत बिनधास्त उडवू का?

तुम्ही लिहिलंय की गुहागरला जाताय, ड्रोनला पुढेमागे सेन्सर आहेत, तर तो कुठे आपटणार नाही ना. आपटू शकतो. मी इकडेच लग्नं आणि होमस्टेचं शूटिंग करतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ते सेन्सर म्हणजे बहुतेक ड्रोनमध्ये कॅमेऱ्यांची जोडी असते, दोघांना दिसणाऱ्या चित्रातल्या फरकावरून अंतर काढतात, त्याला उजेड लागतो आणि समोरची वस्तू नीट दिसावी लागते. माडाचं खोड दिसतं, वाऱ्यावर हलणारं झावळीचं टोक धड दिसत नाही आणि वायर तर जवळजवळ नाहीच. माझा पहिला ड्रोन असाच गेला, संध्याकाळची वेळ, पोलवरून घरात आलेली सर्विस वायर पोफळींच्या आड, स्क्रीनवर काहीच नव्हतं, टक्क आवाज आला आणि ड्रोन खाली शिंपण्याच्या पाटात. फार वाईट वाटलं, आणि खाली कुणी असतं तर या विचाराने रात्री झोप नाही आली. तेव्हापासून मी आधी पोल शोधतो, वायर दिसत नसली तरी पोल दिसतो, आणि लाइन ओलांडायचीच असेल तर बरोबर पोलच्या डोक्यावरून, चांगलं अंतर ठेवून.

दुसरं म्हणजे स्पीड. समजा सेकंदाला 10 मीटरने चाललाय, अडथळा ओळखायला अर्धा सेकंद गेला की 5 मीटर तिथेच संपले, पुढे ब्रेक लागून थांबायला अजून 12 एक मीटर. हेच 5 मीटरच्या स्पीडला सगळं मिळून 6 मीटरच्या आत थांबतो. म्हणून वाडीत हळूच, आणि स्पोर्ट मोड, म्हणजे जास्त वेगाचा मोड, अजिबात नको, त्यात बऱ्याच ड्रोनचे सेन्सर बंदच होतात.

रिटर्न टू होम, म्हणजे ड्रोन आपोआप परत येतो ती सोय, त्याची उंची टेकऑफच्या जागेपासून मोजली जाते हे लक्षात ठेवा, किनाऱ्यावरून उडवलात आणि सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळपठाराच्या, पलीकडे गेलात तर परत येताना डोंगर मध्ये येतो. पाण्यावर अगदी खाली नेऊ नका, लाटांमुळे खालचा सेन्सर गोंधळतो. निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा ड्रोनचा नकाशा बघाच, ग्रीन झोनमध्येसुद्धा, म्हणजे वेगळी परवानगी न घेता उडवता येतं तिथेही, 120 मीटरच्या वर जायचं नाही, हेलिकॉप्टर ऐकू आलं की लगेच खाली.

आणि घारी. अंगावर आली तर मी सरळ वर चढवतो, तिला तसं उभं चढता येत नाही. हर्णै बंदरात मासळीच्या लिलावाच्या वेळी मात्र घारींमुळे मी ड्रोन बॅगेतून काढतच नाही.