चराईच्या कुरणाला युरिया देणं परवडतं का?

मांसासाठी वाढवलेल्या गुरांच्या कुरणाला युरिया दिला तर खर्च निघतो का, असं तुम्ही विचारलंय. याच प्रश्नावरून माझं आणि थोरल्या भावाचं दोन वर्षं धड बोलणं नव्हतं, म्हणून लिहितोय.

दादाचं म्हणणं, गवत वाढलं की वजन चढणारच. त्यानं पावसाच्या तोंडावर अख्ख्या कुरणावर युरिया फेकला. गवत मांडीला लागलं, पण जनावरं होती तेवढीच, चाळीस! ती कोवळे शेंडे खायची, बाकीचं तुडवायची, त्यावरच रवंथ करत बसायची. बघता बघता गवत फुलोऱ्यावर येऊन राठ झालं. विक्रीला काट्यावर आदल्या वर्षीइतकंच वजन भरलं. दादा म्हणाला, खत बोगस निघालं. खत चांगलंच होतं, खाणारी तोंडं कमी पडली. हे मी तेव्हाही सांगत होतो.

हिशोब करून बघा. ओल चांगली असेल तर १ किलो नत्रामागे साधारण २० किलो सुकं गवत जास्त येतं. मोकाट चराईत त्यातलं निम्मंच पोटात जातं. वाढत्या जनावराला किलोभर वजन चढायला १० किलोच्या आसपास सुका चारा लागतो. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे दोन किलोहून थोड्या जास्त युरियातून फार तर किलोभर वजन मिळतं, तेही वाढीव गवत खायला वाढीव जनावरं असतील तरच. आपले भाव घाला, खत पसरायची मजुरी आणि जादा जनावरांत अडकलेल्या पैशाचं व्याजही धरा.

माझ्या मते खताआधी तारेच्या कुंपणावर पैसे घाला. कुरणाचे तुकडे पाडून गुरं फिरवली की तेच गवत निम्म्याऐवजी साठ-पासष्ट टक्के खाल्लं जातं. शेण-मूतही पाण्याच्या टाकीपाशी आणि सावलीत साचण्याऐवजी रानभर पडतं. मी दादाला पहिल्यापासून हेच सांगत होतो. त्याला तार म्हणजे खर्च वाटायची आणि युरिया म्हणजे गुंतवणूक.

हो, मातीचा सामू (आम्लतेचा आकडा, pH) ५.५ च्या खाली असेल तर आधी चुना. गवतात तिसरा हिस्सा द्विदल, म्हणजे शेंगांच्या जातीचा चारा असेल तर युरिया देऊच नका, गवत माजून द्विदल मागे हटतं. आणि खत दिल्यावर पावसानं ओढ दिली तर सुकत चाललेल्या गवतात गुरं सोडू नका, नायट्रेटची विषबाधा होते.