वर्षाचा हिशोब वाळूत बसून करायचा का?

प्रश्न : ताई नमस्कार, तुमचं सदर नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. आमचं हे वर्ष कसं गेलं कळलंच नाही. फेब्रुवारीत सासऱ्यांची बायपास, मेमध्ये मुलीचा दहावीचा निकाल, मग ती अकरावीच्या ऑनलाइन ॲडमिशनची भानगड, जुलैत मिस्टरांना ५० पूर्ण, ऑक्टोबरात सासूबाईंची पंचाहत्तरी दणक्यात केली आणि मागच्या महिन्यात घराचं लोन एकदाचं फिटलं. मध्येच मी गाडी शिकले, लायसन्स काढलं. सगळं चांगलंच झालं पण आतून काही वाटतच नाहीये, नुसती दमलेय. आता दिरांचं कुटुंब आणि आम्ही ३१ डिसेंबरला गुहागरला जायचं म्हणतोय. जाऊबाईंची आयडिया अशी की रात्री बीचवर गोल बसून प्रत्येकाने वर्षाचा आढावा घ्यायचा, मिस्टर त्यासाठी व्हिडिओ बनवतायत, हॉस्पिटलपासून पंचाहत्तरीपर्यंत सगळं आहे त्यात. मुलगी म्हणते मी एक शब्द बोलणार नाही. सासऱ्यांना वाळूत चालवेल का याचंही टेन्शन आहे. सोबत न्यायच्या खाण्याची लिस्ट पाठवतेय, काही राहिलं असेल तर सांगा.
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : लिस्ट वाचली. मेथीचे लाडू, दोन प्रकारचा चिवडा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, इलेक्ट्रिक कुकर आणि खिचडीचं सामान मोजून वेगळ्या पिशवीत! राहिलं काहीच नाही, उलट अर्धं काढा. गुहागरला घरगुती खानावळी आहेत, सकाळी फोन करून किती पानं ते सांगितलं की दुपारी वरणभात, सोलकढी आणि आधी सांगितलं असेल तर उकडीचे मोदकसुद्धा समोर येतात. सासऱ्यांचं कमी मिठाचं, कमी तेलाचं तेही सांगून ठेवा, करून देतात. कुकर घरी राहू द्या.

तुम्हाला काही वाटत नाही याचं मला तरी नवल वाटलं नाही. या वर्षातल्या प्रत्येक कार्यक्रमाच्या मांडवात तुम्ही होतात पण कायम वाढपी म्हणून, पंगतीत बसलातच कधी? आता ट्रिपचंही तेच चाललंय, आणि वर तो आढाव्याचा कार्यक्रम. माझं स्पष्ट मत, तो रद्द करा. एकतर ३१ च्या रात्री बीचवर स्पीकर आणि फटाके, त्यात वारा, कोणाचं बोलणं कोणाला ऐकू जाणार नाही. दुसरं म्हणजे सोळा वर्षांच्या मुलीला काका-काकूंसमोर उभं करून 'बोल तुला काय वाटलं' म्हटलं तर ती गप्पच बसणार, आपणही त्या वयात बसलो असतो. व्हिडिओ चालेल, पण हॉस्पिटलचे फोटो सासऱ्यांना आधी एकट्यात दाखवा आणि ठेवायचे का ते त्यांनाच ठरवू द्या. नळ्या लावलेला आपला फोटो नातवंडांसमोर बघायला सगळ्यांना आवडतोच असं नाही.

आता वाळूचं. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततात, बायपास झालेल्या माणसाला तिथे दम लागतो. ओहोटीला पाणी मागे गेल्यावर जी ओली वाळू उघडी पडते ती मात्र चांगली घट्ट असते, त्यावर आरामात चालता येतं. त्यामुळे तारीख कॅलेंडर बघून ठरवू नका, तिथी बघून ठरवा. कोकणातला जुना हिशोब असा की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, म्हणजे पंचमीला साधारण पावणेचार, अष्टमीला सहा, आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे पौर्णिमेच्या आजूबाजूला गेलात तर बरोबर सूर्यास्ताच्या सुमाराला पाणी लांब गेलेलं असतं आणि सासऱ्यांना हवं तेवढं फिरता येतं. फक्त त्याच दिवसांत दुपारची भरती उधाणाची असते तेव्हा पोरांना पाण्यात सोडू नका, आणि ओहोटी लागल्यावरही कमरेच्या वर पाण्यात नाही म्हणजे नाही, पाणी आत ओढतं. गावातल्या माणसाला विचारूनच उतरा. हा अंदाज आहे, नक्की वेळ तिथे कळेल. डॉक्टरांना घाटातल्या प्रवासाचंही विचारून घ्या. ३१ चा हट्ट सोडून जानेवारीतली पौर्णिमा धरलीत तर खोल्याही धड मिळतील आणि गर्दीही नसेल.

गाडी शिकल्याचं तुम्ही एका ओळीत उरकलंत, तेही 'मध्येच' म्हणून! अहो सगळ्या यादीत तेवढं एकच तुमचं स्वतःचं आहे. कुंभार्ली घाट मिस्टरांना चालवू द्या, पण चिपळूण सोडलं की पुढे गुहागरपर्यंत स्टेअरिंग तुम्ही घ्या आणि सासूबाईंना शेजारी बसवा.

आणि हो, लोन फिटलं म्हणताय तर घराचे ओरिजिनल कागद हातात आले का? रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, १ डिसेंबर २०२३ पासून, पूर्ण कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत द्यायचे, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. बोजा उतरवल्याची नोंदही बघून घ्या. हे निघायच्या आधी करा.

प्रश्न : मार्चमध्ये मुलाचा पहिला वाढदिवस आहे. हॉल न घेता कोकणात वेळास गावी कासवं बघायला जावं असं आम्हा दोघांना वाटतं, घरचे वेड्यात काढतायत. जाऊ का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : जा की. पण वाढदिवसाच्या दिवशीच पिल्लं निघतील अशी गॅरंटी नाही. तिथल्या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची अंडी उबायला दीड ते दोन महिने लागतात, ज्या दिवशी घरट्यातून पिल्लं वर येतील त्याच सकाळी किंवा संध्याकाळी ती समुद्रात सोडतात. म्हणून दोन रात्रींचं तरी बुकिंग करा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन हे कासवं जपायचं काम उभं केलंय, राहणं-जेवणंही गावातल्या घरांतच, साधं असतं, एसी वगैरे विसरा. तुम्ही श्रीवर्धनच्या बाजूने आलात तर बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवून वेसवीला उतरायचं, तिथून वेळास जवळ आहे, आणि पोराला बोटीची मजा वेगळीच. किनाऱ्यावर फुगे मात्र नकोत, फुटका फुगा किंवा पिशवी कासवं जेलीफिश समजून गिळतात. पिल्लांना हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. केक खोलीवर कापा.