14 बाय 11 फुटांच्या हॉलसाठी 85 इंची टीव्ही घ्यावा की 98 इंची? आणि ओलेड बरा की मिनी एलईडी?

तुम्ही हॉलची लांबी दिलीत, रुंदी दिलीत, सोफा कुठल्या भिंतीला टेकलाय तेही लिहिलंत. खिडकी कुठे आहे ते मात्र लिहिलं नाहीत. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं, म्हणून हातातलं काम बाजूला ठेवून उत्तर लिहायला बसले.

आधी इंचांचं उरकते. सोफ्यामागची भिंत ते टीव्हीची भिंत 11 फूट. त्यातून सोफ्याची पाठ, तुमचं डोकं आणि टीव्हीची जाडी वजा केली की डोळे ते स्क्रीन हे अंतर पावणेनऊ फूट उरतं, म्हणजे 265 सेंटीमीटर. थिएटरच्या चित्र-आवाजाचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्सचा आडाखा असा की सिनेमा बघताना स्क्रीनने नजरेतले 40 अंश व्यापावेत, आणि त्यासाठी कर्णाच्या 1.2 पट अंतरावर बसावं. 85 इंचांचा कर्ण 216 सेंटीमीटर, त्याच्या 1.2 पट 259. तुमच्या सोफ्याला 85 इंची चपखल बसतो. 98 ला तीन मीटर हवेत. तुमच्याकडे तो साडेचव्वेचाळीस अंशांच्या आसपास जाईल. थिएटरात पुढच्या रांगा पकडणारे असाल तर घ्या, मागच्या रांगेचं तिकीट काढणारे असाल तर नको. झालं इंचांचं. याच्यावर लोक आठवडेच्या आठवडे का घालवतात मला कळत नाही.

आमच्याकडे तीन आठवडे घालवले. नवरा आणि माझे दीर, दोघं रोज रात्री लॅपटॉपसमोर. निट्स, हर्ट्झ, एचडीएमआय 2.1. शेवटी 83 इंची ओलेड ठरला. मी त्या तीन आठवड्यांत एकच प्रश्न विचारला, "लावणार कुठल्या भिंतीवर?" भाऊजी म्हणाले, "वहिनी, प्लग आहे तिथेच ना!"

प्लग बाल्कनीच्या समोरच्या भिंतीवर होता. बाल्कनीला जमिनीपासून वरपर्यंत काचेचा सरकता दरवाजा. मी म्हटलं, दिवसा सगळा उजेड स्क्रीनवर येईल, बाजूच्या भिंतीवर लावूया. तर मला अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग, म्हणजे स्क्रीनवरची चकाकी कमी करणारा लेप, समजावून सांगण्यात आलं.

फिटिंगवाला आला. ड्रिल हातात घेऊन त्याने विचारलं, "उंची किती ठेवू?" भाऊजी भिंतीसमोर उभे राहिले, डोळ्यांच्या रेषेत तळहात धरला आणि म्हणाले, "मध्य इथे येऊ दे." मी म्हटलं, भाऊजी, बसून सांगा. त्यावर तिघंही हसले. "बसून भोक कसं पाडणार?"

आता हिशेब बघा. 83 इंची स्क्रीनची उंची 103 सेंटीमीटर. उभ्या माणसाच्या डोळ्यांशी, म्हणजे 160 वर तिचा मध्य आला, की खालचा काठ 108 वर जातो. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण 105 वर असतात. म्हणजे आम्ही बसलो की नजरेसमोर टीव्हीची खालची कड, आणि बाकी सगळा टीव्ही डोक्याच्या वर. महिनाभर मी मानेखाली उशी घेऊन बातम्या बघितल्या आहेत.

पहिल्या रात्री मात्र थाट होता, खोटं कशाला बोलू. दिवे घालवले, अंतराळातला काहीतरी माहितीपट लावला. ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्राचा ठिपका, स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळं म्हणजे अगदी मिट्ट काळं. दोघंही मागे टेकून माझ्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी ते दोघं कामाला गेले. मी घरूनच काम करते. दुपारी थोडा वेळ सासूबाईंबरोबर बसले. त्यांची एक खुनाची मालिका असते. रात्रीचा प्रसंग, पोलीस बॅटरी घेऊन जंगलात शिरलेला. त्या जंगलात आमची कपड्यांची दोरी दिसत होती. दोन टॉवेल, एक चादर, चिमटे. चिमटे मी मोजले, नऊ होते. पोलिसाला प्रेत सापडलं की नाही ते काही दिसलं नाही. सासूबाई मध्येच म्हणाल्या, "अगं, त्या झाडाखाली दोघी कोण बसल्यात?" आम्हीच होतो.

संध्याकाळी हे सांगितलं तर भाऊजींनी टीव्ही लावून दाखवला. सूर्य मावळलेला. "कुठे काय दिसतंय, वहिनी? मस्त तर आहे." रविवारी अखेर भर दुपारी स्वतः बसून बघितलं, मग म्हणाले, "पडदे लावा की."

या तीन शब्दांवर माझं आणि भाऊजींचं आजही पटत नाही. पडदे लावले की घरात अंधार, अंधार झाला की दिवा लावा, दिवा लावला की तो दिवा स्क्रीनच्या बरोबर मध्ये. टीव्हीला बरं वाटावं म्हणून दिवसाढवळ्या अंधारात बसायचं? मग त्यांनी व्हिव्हिड, म्हणजे सगळ्यात भडक मोड लावला. माणसं नारिंगी झाली, गवत पोपटी झालं, दोरी तिथेच. जाहिरातीत जे निट्स, म्हणजे उजळपणाचं माप, लिहिलेले असतात ते बहुतेक वेळा स्क्रीनच्या छोट्याशा चौकोनावर मोजलेले असतात. पूर्ण स्क्रीनभर उजळ चित्र आलं की ओलेड स्वतःच उजेड उतरवतो. आणि समोर उघडं आकाश असेल तर कोटिंग तरी किती पुरे पडणार?

शेवटी मीच इलेक्ट्रिशियनला बोलावलं. बाजूच्या भिंतीत पट्टी पाडून प्लग हलवायला त्याला अर्धा दिवस लागला. अर्धा दिवस! दरवाजा आता टीव्हीच्या बगलेत येतो आणि दोरी फक्त बाल्कनीत दिसते. खालचा काठ जमिनीपासून 55 सेंटीमीटरवर घेतला. माझी उशी सुटली. जुन्या भिंतीवर बोल्टची चार भोकं होती, ती मी मुद्दाम सहा महिने तशीच ठेवली होती. भाऊजी हल्ली पाहुण्यांना सांगतात की टीव्ही नेहमी खिडकीला काटकोनात लावावा. सांगोत बापडे.

नव्या जागी सोफा आणि टीव्ही जवळ आले, तर भाऊजींनी नवीन काढलं, "एवढ्या जवळून डोळे खराब होतील." हेही इथेच निकालात काढते, कारण तुमच्याही घरात कोणीतरी म्हणणारच. 1967 साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या काही रंगीत टीव्हींमधून प्रमाणापेक्षा जास्त क्ष-किरण बाहेर पडत असल्याचं उघड झालं, आणि लोकांना टीव्हीपासून लांब बसायला सांगितलं गेलं. त्या टीव्हीत काचेची पिक्चर ट्यूब आणि हजारो व्होल्टचा दाब असायचा. आजच्या पॅनलमध्ये ती ट्यूबच नाही. लांब बसायचं दुसरं कारण म्हणजे जुन्या चित्रातल्या रेघा जवळून दिसायच्या. म्हणून तेव्हा स्क्रीनच्या उंचीच्या सहापट अंतर सांगत. चित्रातले पिक्सेल वाढले तसं ते कमी झालं, फुल एचडीला साधारण तिप्पट, त्याहून बारीक फोर-केला दीडपट. जवळून बघितल्याने डोळा बिघडत नाही. एकटक बघताना पापण्या कमी मिटतात म्हणून डोळे कोरडे पडतात, थकतात, आणि ते मोबाइलनेही होतं. भाऊजी ही साइट वाचतात, मला माहीत आहे.

त्याच हिशेबाने एट-के, म्हणजे फोर-केहूनही बारीक पिक्सेलचा टीव्ही, घेऊ नका. 85 इंचांची उंची 106 सेंटीमीटर, म्हणजे फोर-केचे पिक्सेल वेगळे ओळखायला निरोगी डोळ्यालाही साधारण 160 सेंटीमीटरपेक्षा जवळ जावं लागेल. तुम्ही 265 वर बसणार. एट-केचे जास्तीचे पिक्सेल तुमच्यासाठी नाहीतच. उलट काळजी जुन्या चॅनलांची करा. 576 रेघांचं चित्र एवढ्या स्क्रीनवर ताणलं की निवेदकाचा चेहरा मेणाचा दिसतो. सासूबाईंची अर्धी चॅनलं तसली आहेत, त्यांना फरक पडत नाही, मला पडतो.

ओलेड की मिनी एलईडी, हे तुम्ही विचारलंत आणि मी अजून त्यावर आलेच नाही. रात्री दिवे घालवून सिनेमे बघत असाल तर ओलेड. दिवसभर उजेडात टीव्ही चालू राहत असेल तर मिनी एलईडी, कारण पूर्ण स्क्रीन उजळ ठेवायला तो दमत नाही. त्याच्या मागे दिव्यांचे शेकडो-हजारो गट असतात, त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आली की भोवती थोडं धुकं दिसतं. शिवाय पॅनल व्हीए जातीचं असेल (खोक्यावर किंवा माहितीपत्रकात बघा) तर बाजूच्या खुर्चीवरून रंग फिके पडतात. ओलेडला बाजूने बघण्याचा त्रास नाही, पण एकाच चॅनलचा लोगो आणि बातम्यांची पट्टी वर्षानुवर्षं तिथेच राहिली तर तिची छाप उमटू शकते. आमच्याकडे अजून उमटलेली नाही. आकाराचंही बघा, फोर-के ओलेडमध्ये 83 नंतर एकदम 97 येतो. दुकानात तुलना करू नका. तिथे सगळे टीव्ही भडक मोडवर असतात. घरी आल्यावर फिल्ममेकर मोड, म्हणजे सिनेमाचे मूळ रंग ठेवणारी सेटिंग, शोधा, आणि हालचाल गुळगुळीत करणारी जी काही सेटिंग असेल ती बंद करा, नाहीतर प्रत्येक सिनेमा मालिकेसारखा दिसेल.

हे सगळं लिहून झाल्यावर थोडं पदरचं. आमचा ओलेड मी इतका झोडपलाय, पण टीव्ही वाईट नव्हता, जागा वाईट होती. खिडकी समोर असली की मिनी एलईडीही आरसाच होतो, फक्त जरा उजळ आरसा. घरात लहान मूल असेल आणि टीव्ही पायांवर ठेवणार असाल तर पट्ट्याने भिंतीला बांधा, ओढून अंगावर घेतात. भिंत जिप्समची असेल तर आधी आतला सांगाडा शोधा. आणि 98 चा हट्टच असेल तर ऑर्डरच्या आधी लिफ्टचा दरवाजा आणि जिन्याचं वळण टेपने मोजा. नुसता टीव्हीच 217 सेंटीमीटर रुंद, खोका त्याहून मोठा, आणि तो उभाच न्यावा लागतो. आडवा केलात तर पॅनल स्वतःच्या वजनाने वाकून तडकू शकतं.

सध्या एक करा. काचेची मोठी फ्रेम असेल घरात, फोटोची वगैरे. ती आत काळा कागद घालून टीव्हीच्या जागी भिंतीला टेकवून ठेवा, आणि भर दुपारी सोफ्यावर बसून बघा. तुम्हीच नाही, दिवसा घरी जो असतो त्याला बसवा. त्यात काय दिसलं ते इथे कळवा, मग 98 चं बोलू.