मनापासून वाटत होतं मग कट कसा? ट्रम्प केसबद्दल थोडं सविस्तर

प्रश्न असा आलाय की अमेरिकेच्या अध्यक्षपदाची २०२० ची निवडणूक आपणच जिंकलोय असं ट्रम्पना खरंच वाटत असेल तर तो कट कसा होतो, बोलायचं स्वातंत्र्य आहे ना, आणि शेवटी केस बंद झाली म्हणजे निर्दोषच ना.

आधी बोलण्याचं बघू. विशेष सरकारी वकील जॅक स्मिथ यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये जे आरोपपत्र दिलं त्यात सुरुवातीलाच लिहिलंय की निकालाबद्दल बोलायचा, अगदी खोटं बोलायचा सुद्धा हक्क ट्रम्पना होता. आरोप पुढच्या गोष्टींचा होता. सात राज्यांत १४ डिसेंबर २०२० ला ट्रम्प यांच्या बाजूच्या लोकांनी आपणच इलेक्टर (अध्यक्ष निवडायला राज्याच्या वतीने अधिकृत मत देणारे प्रतिनिधी) आहोत अशी सर्टिफिकेटं सही करून पाठवली आणि ६ जानेवारी २०२१ ला संसदेत मतमोजणीच्या वेळी त्यांच्या जोरावर खरी मतं बाजूला ठेवावीत म्हणून तेव्हाचे उपाध्यक्ष माइक पेन्स यांच्यावर दबाव आणला, हा सरकारी पक्षाचा मुख्य मुद्दा. आता जमीन आपलीच आहे असं एखाद्याला कितीही मनापासून वाटू दे, त्याने खोटा सातबारा तयार करून ऑफिसात दिला तर ते मनापासून वाटणं त्याला वाचवत नाही.

बचाव पक्षाकडे यावर उत्तर होतं आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. १९६० ला हवाईत आधी निक्सन जिंकल्याचं जाहीर होऊन फेरमोजणी चालू असताना केनेडींच्या इलेक्टर्सनी पण अशीच मतं देऊन ठेवली होती आणि पुढे तीच मोजली गेली. पण तिथे फेरमोजणी खरोखर चालू होती आणि निकाल फिरल्यावर राज्याने नवीन सर्टिफिकेट दिलं. २०२० मध्ये पेनसिल्व्हेनिया आणि न्यू मेक्सिकोच्या लोकांनी 'कोर्टाने आमच्या बाजूने निकाल दिला तर' अशा अर्थाची अट कागदातच घातली, बाकी पाच राज्यांनी ती घातली नाही. माझ्या मते सगळ्या केसमधला सगळ्यात बोलका पुरावा हाच, कारण अट घालता येते हे माहीत असून ती घातली नाही असं सरकारी वकिलांना म्हणता आलं असतं.

आपल्याकडच्या जुन्या दंड संहितेतल्या कटाच्या १२०-बी कलमाशी (२०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ६१) तुलना करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आपल्याकडे दोघांनी किंवा जास्त जणांनी मिळून गुन्हा करायचं ठरवलं की कट पूर्ण होतो, पण अमेरिकेत सरकारला फसवायच्या कटाचं जे कलम आहे त्यात त्यासाठी निदान एक तरी प्रत्यक्ष कृती दाखवावी लागते. चार आरोपांतला एक तर १८७० च्या, कू क्लक्स क्लॅन या कृष्णवर्णीयांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेला आवर घालायला केलेल्या कायद्यातला होता, मतदाराचं मत मोजलं जायचा हक्क हिरावण्याचा.

मग अडलं कुठे? २८ जून २०२४ ला फिशर या ६ जानेवारीच्या दंग्यातल्या दुसऱ्या आरोपीच्या केसमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सरकारी कामात अडथळ्याचं कलम कागदपत्रं आणि पुराव्यांशी छेडछाड करण्यापुरतं आकसून टाकलं, तरी खोटी सर्टिफिकेटं त्यातही बसतात असं म्हणायला जागा होती. खरा दणका ट्रम्प यांच्याच केसमधल्या सुप्रीम कोर्टाच्या १ जुलैच्या निकालाचा. सहा विरुद्ध तीन. अध्यक्षाच्या मूळ घटनात्मक अधिकारातल्या कामांना पूर्ण संरक्षण, बाकी अधिकृत कामांना निदान गृहीत धरलेलं संरक्षण, खासगी कामांना काही नाही, आणि वर अधिकृत काम खासगी गुन्ह्याचा पुरावा म्हणूनसुद्धा ज्युरीपुढे आणायचं नाही. या शेवटच्या भागाशी बहुमतातल्या न्या. बॅरेट यासुद्धा सहमत नव्हत्या आणि मला त्यांचं म्हणणं पटतं, कारण माणसाचा हेतू त्याच्या ऑफिसातल्या बोलण्यातूनच कळणार ना. मग स्मिथ यांनी ऑगस्टमध्ये न्यायखात्याशी झालेलं बोलणं काढून नवीन आरोपपत्र दिलं, चारही आरोप तसेच ठेवून.

नोव्हेंबरमध्ये ट्रम्प निवडून आले, पदावरच्या अध्यक्षावर खटला चालवायचा नाही हे न्यायखात्याचं जुनं धोरण, म्हणून २५ नोव्हेंबरला केस चालवणाऱ्या न्या. तान्या चटकन यांनी सरकारी पक्षाच्याच अर्जावर केस काढून टाकली, तीही पुन्हा दाखल करायचा मार्ग बंद न करता. ज्युरी बसली नाही, एकाही साक्षीदाराची उलटतपासणी झाली नाही, त्यामुळे 'निर्दोष सुटले' हे जितकं चूक तितकंच 'गुन्हा सिद्ध झाला' हेही चूक.